राणीचा राणोजी झाला: बिअर्डेड ड्रॅगनच्या मांडीवरच्या छिद्रांची एक केस

फेब्रुवारीतली संध्याकाळ, दवाखाना बंद करायची वेळ. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला डिप्लोमाला असणारा एक मुलगा आणि त्याचे आजोबा आत आले. आजोबांच्या हातात बुटाचं खोकं होतं आणि खोक्यात पंचात गुंडाळलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरड्याची एक जात. "काय वं डाक्टर, हिच्या मांडीला गळवं आल्यात बगा," आजोबांनी खोकं टेबलावर ठेवत सांगितलं. पोरगं रडकुंडीला आलं होतं. गेले तीन दिवस ते आपल्या परीनं उपचार करत होतं, आणि त्या उपचारांनीच आता बिघडलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं.

ही केस सविस्तर लिहून काढायचं कारण एवढंच, की जनावर आजारी नव्हतं. आजारी नसलेल्या जनावराला आपण किती पटकन आजारी करतो, हे या एका खोक्यात पाहायला मिळालं. आणि निरोगी मांडी दिसते कशी, हे नीट लिहिलेलं मराठीत सहसा सापडत नाही.

आधी जनावराविषयी थोडं. बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या आतल्या कोरड्या मुलखातला. १९२६ मध्ये अर्न्स्ट आल यांनी या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ऑस्ट्रेलियानं १९६० च्या दशकातच आपले वन्यप्राणी विक्रीसाठी बाहेर पाठवायला बंदी घातली. त्यामुळे जगभर घरोघरी असलेले बहुतेक बिअर्डी पिंजऱ्यात पैदास झालेल्यांचेच वंशज. आपल्याकडे लोक त्याला सर्रास घोरपड म्हणतात. घोरपड वेगळी, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती पाळणं हा गुन्हा आहे. दवाखान्यात 'घोरपड आणलीय' असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात आधी गोळा येतो, मग खोकं उघडल्यावर जीव भांड्यात पडतो.

आता तक्रार. राणीचं वय साधारण १४ महिने. दीड महिन्याची असताना घेतलेली. विकणाऱ्यानं 'मादी आहे' असं सांगितलं म्हणून नाव राणी. जानेवारीच्या मध्यापासून मुलाला मागच्या दोन्ही मांड्यांच्या खालच्या बाजूला ठिपक्यांची एक रांग दिसायला लागली. आधी ठिपके बारीक होते, मग पिवळट-तपकिरी झाले, मग किंचित वर आले. त्यानं फोटो काढून चार जणांना दाखवले. एकानं सांगितलं, पू आहे, काढून टाक. दुसऱ्यानं सांगितलं, बुरशी आहे. तिसऱ्यानं पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. ते सुरू करायच्या आधी पोरगं इथं आलं हे नशीब. शेजारच्या काकूंनी गजकर्णावर लावायचं मलम दिलं, ते दोनदा लावून झालं होतं. कोंबड्यांसाठी आणलेलं जीवनसत्त्वांचं टॉनिक एका मित्रानं दिलं होतं, त्याचे थेंब तीन दिवस पोटात गेले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं उजव्या मांडीवरचे तीन 'फोड' त्यानं उपटून काढले होते.

"रक्त आलं का?" मी विचारलं.

"थोडं आलं. ती तोंड उघडून फुसकारली. मग मी थांबलो."

मी त्याला रागावलो नाही. रागवायचा मला अधिकार नव्हता, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिल्यांदा एक प्रौढ नर बिअर्डी आला, तेव्हा त्याच्या मांडीवरचा असाच एक मेणाचा खुंट मी 'कडक पू' समजून टोकदार चिमट्यानं ओढून काढला होता. खाली लाल, ओलं भोक राहिलं आणि ते भरायला महिना गेला. आमचं शिक्षण गाई-म्हशी, कुत्री-मांजरं यांच्यावरचं. सरडा म्हणून आम्ही पाहिलेला असतो तो बांधावरचा, कुंपणावर मान हलवणारा. त्याला मांडीखाली छिद्रं नसतातच. बिअर्डी आणि आपला सरडा एकाच अगामिडी कुळातले, म्हणून जो माणूस सरड्यावरून बिअर्डीचा अंदाज बांधतो तो इथं हमखास फसतो. खरं तर पाहायला हवं होतं भिंतीवरच्या पालीकडे. आपल्या घरातल्या पाली ज्या हेमिडॅक्टिलस गटात येतात, त्यांच्या नराला मांडीखाली किंवा गुदद्वाराच्या पुढं अशीच छिद्रं असतात. ती किती आणि कुठं आहेत, यावरून अभ्यासक पालींच्या जाती वेगळ्या ओळखतात. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल चिकटलेली असते आणि आपण आत उभे असतो, तेव्हा तिचं पोट आपल्याकडे असतं. तेव्हा बघा.

आता टेबलावर. वजन ४१२ ग्रॅम, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४६ सेंटीमीटर. डोळे स्वच्छ आणि उघडे, शेपटीचं बूड भरलेलं, हाताला जोर. तोंड उघडून पाहिलं, आतली त्वचा गुलाबी. आदल्या दिवशी खाल्लं होतं, शी झाली होती. म्हणजे प्राणी म्हणून तब्येत उत्तम.

बिअर्डीला उताणं टाकून धरायला मी कुणालाच सांगत नाही. तो घाबरतो, श्वास घ्यायला त्रास होतो. एका तळव्यावर छाती आणि पोट टेकवायचं, शेपटीचा भार मनगटावर घ्यायचा, आणि मागचा एक पाय हळूच बाजूला घेऊन मांडीची खालची बाजू उजेडात आणायची. एका वेळी एकच पाय. मुलाकडून मी तसंच धरून घेतलं, कारण हे पुढं त्यालाच दर महिन्याला करायचं होतं. मग गुजरीतून आणलेलं दहापट मोठं दाखवणारं सोनारी भिंग डोळ्याला लावलं. सरपटणाऱ्यांच्या कातडीसाठी माझ्याकडे याहून चांगलं हत्यार नाही.

डावी मांडी आधी पाहिली, कारण तिला कुणी हात लावला नव्हता.

मांडीच्या खालच्या बाजूला खवल्यांची एक ओळ गुडघ्याच्या बाजूनं गुदद्वाराकडे जाते. त्या ओळीत मोठ्या खवल्यांच्या मध्ये एकेक गोल भोक आणि प्रत्येक भोकात मेणासारखा एकेक बुंधा. रंग सगळ्यांचा जवळपास एकच, जुन्या मेणबत्तीसारखा पिवळट, मध्यभागी थोडा तपकिरी. काहींचा माथा कातडीच्या बरोबरीला, काहींचा केसभर वर. बोटाचं टोक ओळीवरून फिरवलं की बारीक कानशीवरून गेल्यासारखं खरखरतं. दाबलं तरी राणीनं पाय ओढला नाही. आणि मुद्द्याची गोष्ट बुंध्यात नव्हती, भोवतीच्या खवल्यांत होती. ते खवले शेजारच्या खवल्यांसारखेच, त्याच रंगाचे, चपटे. कुठंही लालसर कडा नाही, फुगवटा नाही, ओल नाही, वास नाही. दोन छिद्रांच्या मधली कातडी ताणलेली नाही. ओळ गुदद्वाराच्या पुढंही तशीच चालू होती, तिथली छिद्रं थोडी लहान, पण त्याच धाटणीची.

ही झाली निरोगी मांडी. लोकांना वाटतं निरोगी म्हणजे स्वच्छ, रिकामी भोकं. तसं नाही. वयात आलेल्या नराच्या छिद्रात मेण असायलाच पाहिजे. उलट सगळी ओळ कोरडी आणि रिकामी दिसली, तर मी विचारतो, चिमटा कुणी लावला?

मग उजवी मांडी. ओळीचा बाहेरचा अर्धा भाग डावीसारखाच. मधली तीन छिद्रं मात्र वेगळी होती: दोनांवर काळसर खपली, एकाची कड लाल आणि भोवतीचा खवला किंचित उचललेला. तिथं बोट टेकताच राणीनं पाय आत घेतला आणि गळा काळा केला. डाव्या आणि उजव्या मांडीतला हा फरक म्हणजेच निदान. रोग दोन्हीकडे सारख्या प्रमाणात, एका ओळीत, एका आकारात सहसा येत नाही. सगळीकडे सारखं असेल ते बहुधा शरीराचंच असतं. एका ठिकाणी वेगळं असेल, तिथं भिंग लावायचं.

तरीही मनातल्या शंका एकेक करून तपासल्या. पहिली शंका पुवाची, आणि ती येण्यासारखीच आहे. सरपटणाऱ्यांचा पू आपल्यासारखा वाहत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी द्रव्यं कमी पडतात. त्यामुळे त्यांचा पू घट्ट, खव्याच्या गोळीसारखा बनतो आणि मेणाचा बुंधा पहिल्या नजरेला हुबेहूब तसाच दिसतो. फरक भोवताली असतो. पू झाला की गाठ येते, कातडी वर ढकलली जाते, हात लावलेला आवडत नाही, आणि तो क्वचितच रांग धरून बसतो. इथं डावीकडे त्यातलं काहीच नव्हतं.

दुसरी शंका छिद्रं तुंबण्याची. हा खरा त्रास आहे, आणि तो निरोगी अवस्थेपासून एकदम वेगळा नाही, हळूहळू तिकडे सरकत जातो. मेण बाहेर येत राहतं पण घासून जात नाही, मग बुंधा वाढत वाढत खुंटासारखा उभा राहतो, कडक होतो, भोकाची कड ताणते, पुढं लालसरपणा, सूज, फुटणं. अशा वेळी बुंधा कातडीच्या वर ठळक उभा असतो, बोटाला खरखर न लागता खुंट अडतात. राणीचे बुंधे जेमतेम वर होते. मी मुलाला सांगितलं: बाजूनं, उजेड आडवा टाकून बघ. ओळ सपाट दिसली तर गप्प बस, करवतीच्या दातांसारखी उभी दिसली तर फोन कर.

तिसरी शंका बुरशीची. बिअर्डीला नॅनिझिऑप्सिस ग्वारोई नावाच्या बुरशीचा एक गंभीर आजार होतो. त्यात पिवळी-तपकिरी खपली येते, ती पसरते, खवले मरतात, आणि ती छिद्रांची ओळ पाहून थांबत नाही. पाठ, जबडा, पाय, कुठंही. इथं ओळीबाहेर एक खवलासुद्धा बिघडलेला नव्हता. चौथी शंका भाजण्याची. गरम होणारा दगड किंवा पॅड टाकीत ठेवला असेल तर पोट आणि मांड्या भाजतात. टाकीत तसलं काही नव्हतं.

निदान असं लिहिलं: फिमोरल पोअर्स, म्हणजे मांडीवरची ही छिद्रं, निरोगी, वयात आल्यामुळे ठळक, उजवीकडच्या तिघांना माणसाच्या हातून जखम.

"वयात आल्यामुळे म्हणजे?" मुलानं विचारलं.

इथं राणीच्या नावाचा प्रश्न निघाला. मादीलाही ही छिद्रं असतात, पण टाचणीच्या टोकाएवढी, बहुतेक वेळा मेणाविना. पिल्लं लहान असताना नर-मादी दोघांत ती इतकी बारीक असतात, की नुसत्या त्यावरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. नर वयात येतो तेव्हा, साधारण वर्षाच्या आगेमागे, टेस्टोस्टेरॉन या नराच्या संप्रेरकामुळे या ग्रंथी जागतात. राणीला सपाट ठेवून शेपटी बुडापाशी हळूच वर उचलली, काटकोनाच्या खूप आतच थांबलो, आणि आडव्या उजेडात पाहिलं. गुदद्वाराच्या मागं शेपटीच्या दोन्ही बाजूंना दोन उंचवटे, मध्ये घळ. मादीला असा जोड उंचवटा नसतो, असलाच तर मध्ये एकच. मांडी आणि शेपटी दोन्ही एकच गोष्ट सांगत होत्या.

"गेला महिनाभर मान वरखाली करते का? गळा काळा होतो?"

"रोज! आरशात स्वतःला बघून जोर काढल्यासारखं करते."

आजोबा इतका वेळ गप्प होते. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस, दोन्ही कान कुस्तीनं मोडून गाठोडं झालेले. ते एकदम हसले. "म्हंजे बाप्या हाय व्हय ह्यो! आन् पोरगं त्येला मलम लावत बसलंय. आरं, माझ्या कानाला कुणी मलम लावलं हुतं का?"

उपमा शंभर टक्के बरोबर नाही. कुस्तीचा कान ही जखमेची खूण असते, मांडीचं मेण ही प्रकृतीची. पण आजोबांना मुद्दा कळला होता. राणीचा राणोजी त्या टेबलावरच झाला.

एक अपवादही सांगून टाकतो. या जातीत लिंग ठरण्याची रीत जरा वेगळी आहे. मादीची गुणसूत्रं झेडडब्ल्यू, नराची झेडझेड. पण अंडी ३२ अंश सेल्सिअसच्या वर उबवली, तर नराची गुणसूत्रं असलेला गर्भही मादी म्हणून वाढू शकतो. ही गोष्ट २००७ मध्ये पिंजऱ्यातल्या अंड्यांवर दिसली आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मोकळ्या रानातही सापडली. तेव्हा गुणसूत्रं काय सांगतात ते प्रयोगशाळेसाठी. आपण पाळणाऱ्यांनी मांडी आणि शेपटी बघावी.

हे मेण असतं कशाचं? छिद्राखाली एक नळीसारखी ग्रंथी असते. तिच्यातल्या पेशी स्निग्ध द्रव्यांनी आणि प्रथिनांनी भरतात, मरतात, आणि अख्ख्याच्या अख्ख्या वर ढकलल्या जातात. म्हणून बुंध्याचा आकार भोकाच्या साच्यासारखा निघतो. नर फांदीवरून, दगडावरून मांडी घासत चालला की त्याचा कण न् कण मागं राहतो; दुसऱ्या सरड्याला वासानं कळतं इथं कोण राहतो. अमेरिकेतल्या वाळवंटी इग्वानाच्या मांडीचं मेण अतिनील किरण शोषतं आणि त्या इग्वानांना ते डोळ्यांनीही दिसतं, असंही अभ्यासात आलंय. थोडक्यात, पोरानं चिमट्यानं राणोजीची सही खोडायचा प्रयत्न केला होता.

यातूनच तुंबण्याचं मुख्य कारणही कळतं. सही करायला कागद खरखरीत लागतो. रानात तो मिळतोच. घरात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलानं टाकीचे फोटो आणि मोजमापं पाठवली. काचेची चार फुटी टाकी, तळाला गुळगुळीत चकचकीत टाईल, चढायला प्लॅस्टिकचं झाड. मांडी घासायला एकही जागा नाही. ऊन घ्यायच्या जागेचं तापमान त्यानं काचेला चिकटवलेल्या घड्याळी थर्मामीटरवर पाहिलं होतं. तापमानाची गन मागवून मोजायला लावलं तर टाईलचा पृष्ठभाग ३३ अंश निघाला. प्रौढ बिअर्डीला ती जागा ३८ ते ४२ अंश लागते आणि थंड बाजू २४ ते २८. आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब? ती काचेच्या झाकणावर ठेवलेली. काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते, म्हणजे वर्षभर विजेचं बिल भरून राणोजी सावलीत बसला होता. गच्चीवर सकाळचं ऊन मिळत होतं म्हणून हाडं शाबूत. हे मांडीशी थेट जोडलेलं नाही, पण ऊब आणि यूव्हीबी कमी असलेल्या सरड्याची कात नीट सुटत नाही, आणि अर्धवट कात छिद्रांवर टोपी घालून बसते.

बदल साधे सुचवले. टाईल काढायची गरज नाही, तिच्यावर काळ्या दगडाची एक खडबडीत, चपटी शिळा ठेव, दिव्याखाली. आपला बेसाल्ट ऊब धरून ठेवतो आणि कानशीचं काम करतो. मुलाच्या मनात पन्हाळ्याच्या बाजूचा जांभा होता, दिसायला सुंदर म्हणून. जांभ्याला नको म्हटलं: छिद्राछिद्रात शी आणि पाणी मुरतं, धुऊन साफ होत नाही. चढायला बाभळीचं सालीसकट लाकूड, उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून. ट्यूब काचेखाली, आत. वाळू नको, पंचगंगेची तर अजिबात नको.

खाण्यात मोठा दोष नव्हता. अळ्या आणि झुरळं जास्त होती, पाला कमी. वर्षाच्या बिअर्डीचं ताट उलटं हवं, पाला जास्त आणि किडे थोडे. ताटात लसूणघास, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजराचा कीस. पालक आणि चुका कधीतरीच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. भोपळा आणि शेवगा मी मुद्दाम सांगितले, कारण जीवनसत्त्व 'अ' कमी पडलं की ग्रंथींच्या तोंडाशी पेशी जाड होतात आणि छिद्रं तुंबतात. पण म्हणून कोंबड्यांचं टॉनिक नव्हे. 'अ' आणि 'ड' दोन्ही अंगात साठतात, जास्त झाले की 'अ'नं कातडी सोलवटते आणि 'ड'नं कॅल्शियम नको तिथं जाऊन बसतं. भाज्यांतलं बीटा कॅरोटीन, ज्यापासून 'अ' बनतं, ते शरीर गरजेपुरतं वापरतं. टॉनिकची बाटली आजोबांनी परत नेली.

जाता जाता मुलानं विचारलं, मे महिन्यात राधानगरीकडं जाणार आहे, तिथले काजवे आणले तर चालतील का? मी खुर्चीतून उठलोच. अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांतल्या विषानं बिअर्डी मेल्याची नोंद आहे आणि त्याला एक काजवा पुरतो. आपल्याकडचे काजवे निरुपद्रवी असतील असं गृहीत धरायची माझी तयारी नाही. काजवे बघावेत, डब्यात भरू नयेत. उसाच्या फडातले नाकतोडेही नकोत, फवारणीचा भरवसा नाही.

उपचार म्हणण्यासारखं फार नव्हतं. गजकर्णाचं मलम बंद. असल्या मलमांत बहुधा स्टेरॉईड असतं, आणि ते उघड्या जखमेवर संसर्गाला वाट मोकळी करून देतं. वेदना मारणारं औषध मिसळलेलं मलमही सरपटणाऱ्यांना लावू नये. अँटिबायोटिकची गरज नव्हती. दिवसातून एकदा कोमट सलाईननं तीन छिद्रं धुवायची, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसानं टेकवायचं, आणि कोरडं करून टाकीत. दहा दिवस तळाच्या टाईलवर साधा टिश्यू पेपर, रोज बदलायचा. खपली काढायची नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं आणि आजोबांकडून म्हणून घेतलं.

बाकीच्या निरोगी छिद्रांसाठी काय? काहीच नाही. मुलाला हे पटायला वेळ लागला. निरोगी मेण काढायचं नसतं. पुढं कधी बुंधे उंच वाढलेले दिसले, तर ३२ ते ३५ अंशांच्या पाण्यात, कोपर बुडेल इतक्याच, दहा-पंधरा मिनिटं बसवायचं. पाणी हातानं नको, थर्मामीटरनं मोजायचं. मग लहान बाळाच्या मऊ ब्रशनं खवल्यांच्या दिशेनं, डोक्याकडून शेपटीकडे, चार-सहा वेळा हलकं फिरवायचं. निघेल तेवढं निघेल. उरलेलं पुढच्या आठवड्यात किंवा पुढच्या कातीबरोबर. पिळायचं नाही, टोचायचं नाही, नखानं उचलायचं नाही.

दहाव्या दिवशी राणोजी परत आला. लालसर कड गेली होती, खवला बसला होता, दोन्ही खपल्या कोरड्या. बोट टेकलं तर पाय ओढला नाही. वजन ४२० ग्रॅम. दगड आल्यापासून दिवसाचा निम्मा वेळ तिथंच पसरलेला असतो, असं कळलं. डावी ओळ पाहिली: बुंध्यांचे माथे आधीपेक्षा सपाट. दगडानं आपलं काम सुरू केलं होतं.

मी मुलाला महिन्यातून एकदा, त्याच टेबलावर, त्याच उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून दोन्ही मांड्यांचा फोटो काढायला लावला. एकच फोटो फार थोडं सांगतो. सहा फोटो शेजारीशेजारी ठेवले की जनावर बोलायला लागतं. मार्चच्या फोटोत बुंधे जरा गडद आणि भरीव होते, तेव्हा तो रोज जोर मारत होता, गळा काळा. एप्रिलअखेर कात टाकली आणि कातीबरोबर बुंध्यांचे वरचे तुकडे गेले, चार दिवस छिद्रं पोकळ, फिकट दिसली आणि मुलाचा रात्री साडेदहाला फोन आला, "सर, आता रिकामी झालीत!" मी म्हटलं, झोप. मे महिन्यात पुन्हा भरली.

कोल्हापुरात खरी परीक्षा पावसाळ्याची. आषाढात टाकीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली. बिअर्डीला ३० ते ४० बरी. त्यात संध्याकाळी वीज गेली की दिवा बंद. कपडे वाळत नाहीत त्या घरात सरडा कसा वाळणार? टाकी खिडकीपासून आतल्या खोलीत हलवली, पाण्याचं मोठं भांडं काढून रोज सकाळी थोडा वेळ लहान वाटी, वरच्या जाळीवर हवा खेळती ठेवायला छोटा पंखा. लाकडावर ओल धरते का ते दर आठवड्याला बघणं. या दिवसांत खवल्यांवर, विशेषतः ओळीबाहेर, नवा पिवळा डाग दिसला तर वाट न पाहता आणायचं, हे बजावलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आजोबा एकटेच आले, छत्री आणि खोकं घेऊन. वजन ४५१ ग्रॅम. डावी ओळ सुरेख, एकसारखी, मेणबत्तीच्या रंगाची. उजवीकडे चिमट्यानं उपटलेल्या तिघांपैकी दोन छिद्रांत पुन्हा मेण आलं होतं, शेजाऱ्यांपेक्षा बारीक पण स्वच्छ. तिसरं बुजलं होतं. तिथं खवल्यांच्या मध्ये एक चपटा, फिकट, गुळगुळीत ठिपका, बोटाला खरखर न लागणारा. ते आता उघडणार नाही, त्यानं बिघडणारही काही नाही.

आजोबांनी माझं भिंग मागून घेतलं, खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहिलं. "एक दात पडला म्हणायचा," ते म्हणाले, आणि राणोजीला पंचात गुंडाळून पावसात निघून गेले.